अण्णाची गोष्ट पोराला सांगू का?

अमळनेर,
रविवार, रात्री

प्रिय बापू,

तब्येत ठीक, शुगर गोळीवर आहे, घरचे मजेत. तुझा फोन उचलला नाही, नंतर उलट केलाही नाही, त्याला चार महिने झाले. राग धरू नकोस. आजची गोष्ट फोनवर बोलायची नाही आणि तुझ्याशिवाय कुणाशी बोलता येणारही नाही.

मागच्या महिन्यात पोरगा केस कापून आला. कानांच्या वरपर्यंत सफाचट, डोक्यावर तेवढा झुबका. ही म्हणाली, "टायफॉइड होऊन गेला का रे तुला?" तर म्हणे हा टॉमी शेल्बी कट. मोबाईलवरही तोच माणूस, तोंडात सिगारेट, खाली काहीतरी बाणेदार वाक्य. म्हटलं, दाखव तरी कोण हा. बीबीसीची 'पीकी ब्लाइंडर्स' मालिका, २०१३ ते २०२२, सहा पर्वं, ३६ भाग. बापलेकांनी रात्री जागून सगळी संपवली.

सुरुवात १९१९ च्या बर्मिंगहॅममध्ये. कारखान्यांचा धूर, महायुद्धात जमिनीखाली बोगदे खणून परतलेला टॉमी, आणि घोड्यांच्या शर्यतीवर चोरून सट्टा घेणारं त्याचं घर. पहिल्याच दृश्यात तो काळ्या घोड्यावरून गल्लीत येतो आणि एक मुलगी घोड्याच्या तोंडावर लाल पूड फुंकते. बापू, मला थेट सारंगखेडाच दिसलं! दत्तजयंतीची यात्रा, पांढऱ्या सफारीतला तुझा भाऊ अण्णा घोड्याच्या मानेवरून हात फिरवतोय, आणि आपण दोघं मागे छाती काढून उभे. घोडा घ्यायचा नव्हताच, तरी व्यापारी त्याला चहा पाजत होते. तू उसाचा रस तीन ग्लास ढोसलास आणि येताना एस्टीत जे केलंस ते लिहीत नाही, पत्र वहिनी वाचतील.

त्या टॉमीच्या बाजूचा मी कधी झालो, कळलंच नाही. माणसं मारतो, भावांना वापरून घेतो, तरी पोलीस मागे लागले की मी उशी घट्ट धरायचो, हा सुटावा म्हणून. सहाव्या पर्वात त्याची छोटी रुबी क्षयाने जाते, तेव्हा ढसाढसा रडलो. ही शेजारी मेथी निवडत होती. म्हणाली, "हिच्यासाठी रडता, त्या दुसऱ्या पोरीसाठी का नाही रडलात?"

मला आठवेनाच कोणती. मग हिनेच सांगितलं. बायको ग्रेस गोळी लागून गेली तेव्हा तिच्या गळ्यात नीलम होता. तो शापित आहे असं धरून टॉमीने तो दुसऱ्या बाईला देऊन टाकला. पुढे तो नीलम ज्या घरी गेला तिथली सात वर्षांची पोर खोकून खोकून मेली, आणि तिच्या आईने याला शाप दिला. हे सगळं मालिकेतच आहे रे! मी ऐकलं आणि सोडून दिलं. पोरगा तर तावातावाने बोलायला लागला, "पण त्याने मुद्दाम केलं का?" सूर अगदी तुझा, अकरावीतला. तू म्हणायचास, "अण्णा कुणाला हात धरून आणतो का मटक्याचा आकडा लावायला?" त्यावरून आपण दोन महिने बोललो नव्हतो.

त्या रात्रीपासून ती गिरणीतल्या साचेवाल्याची बायको डोळ्यांसमोरून हलत नाही. पदराला सुताची तुसं, कडेवर पोर, पोरीच्या हातात तेलाची रिकामी बाटली. अण्णाने खिशातून दहाची नोट काढून दिली. अख्खी गल्ली म्हणाली, देवमाणूस शे. आपणही म्हणालो. बापू, तुला हे कधी सांगितलं नाही. तिच्या नवऱ्याची आकड्याची चिठ्ठी त्या दुपारी मीच अण्णाकडे आणली होती, पायमोज्यात घालून. पगारातले साठ रुपये. त्यातलेच दहा तिला मिळाले.

ही मालिका लिहिणारा स्टीव्हन नाईट. त्याचे वडील लहानपणी निरोप घेऊन आपल्या सट्टेवाल्या काकांच्या खोलीत गेले होते. टेबलावर पैशांचा ढीग, झकपक कपड्यांतली माणसं, जॅमच्या बरण्यांतून दारू पिणारी. त्या पोराला जे दिसलं त्यातून मालिका आली. मला ती खोली माहीत आहे. तुमच्या माडीवरची.

पोरगा विचारतो, "पप्पा, तुम्हालाही तो आवडला ना? मग मला का अडवता?" मी गप्प. उत्तर एकच आहे माझ्याकडे, पण अण्णा तुझा भाऊ. तो गेल्यावर त्याच्याबद्दल वेडंवाकडं मी कुणाजवळ बोललो नाही. तुझी पोरं त्याच्या फोटोला हार घालतात. आणि त्याने माझी बारावीची फी भरली होती, तेही खरंच आहे. ते कुठे ठेवू?

पोरीला नोकरी लागल्याचं कळलं, फार आनंद झाला. उधन्याचं घर रंगवून झालं का? वहिनींचा गुडघा कसा आहे?

अखाजीला सगळ्यांना घेऊन ये. खापरावरचे मांडे आणि आमरस, ही आत्तापासून म्हणते आहे. येण्याआधी दोन ओळी लिही. तू नको म्हणालास तर अण्णाचं नाव घेणार नाही. पण ती पायमोज्यातली चिठ्ठी माझी आहे, तेवढी तरी पोराला सांगू दे.

तुझाच