तीन, चार आणि सतरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मदरशांवर गेले काही दिवस आपल्या पानावर पत्रं येत आहेत. एकाचं म्हणणं, टाळं लावा. दुसऱ्याचं म्हणणं, हात लावायचा नाही. दोन्हीकडे सरकार आहे, मौलाना आहेत, धर्म आहे. तिथे शिकणारं पोर मात्र कुठेच दिसत नाही. मी तीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्तीनंतर, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या मुलांना शिकवते. त्यातल्याच एकामुळे हे पत्र लिहायला बसले.

मुलगा वीस वर्षांचा. पाचवीनंतर शाळा सुटली. मदरशात राहून आधी हिफ्ज केलं, म्हणजे कुराण पाठ केलं, मग आलिमच्या, म्हणजे धर्मपंडिताच्या, अभ्यासक्रमाला लागला. कुराणाचे तीसही पारे, म्हणजे भाग, तोंडपाठ. ते कसे होतात हे त्याने मला समजावून सांगितलं. रोजचा नवा धडा तो सबक. गेल्या काही दिवसांत झालेलं पुन्हा म्हणून दाखवायचं ते सबकी. आणि त्याआधीचं सगळं आळीपाळीने फिरवत राहायचं ती मंझिल. एका दिवसात तिन्ही. मी इतकी वर्षं पाढे पाठ करून घेतले, पण मागचं विसरू नये याची इतकी पक्की घडी मला कधी बसवता आली नाही. जे लोक ‘नुसती घोकंपट्टी’ म्हणून हे झटकून टाकतात, त्यांनी एकदा समोर बसून ऐकावं.

अपूर्णांकांची बेरीज मात्र त्याला जमेना. फळ्यावर १/८ अधिक १/६ लिहिलं की तो गप्प. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी मी खडू खाली ठेवला आणि विचारलं, “माणूस वारला, मागे बायको, आई आणि एक मुलगा. बायकोला किती?”
“औलाद आहे ना मॅडम, मग आठवा हिस्सा.”
“आईला?”
“सहावा.”
“आणि मुलाला?”
“बाकी सगळं.”

मग म्हटलं, आता वाटणी करून दाखव. त्याने कागदही घेतला नाही. चोवीस हिस्से करायचे. तीन बायकोला, चार आईला, सतरा मुलाला. म्हणजे लसावि त्याला येत होता. त्यालाच शाळेत लसावि म्हणतात, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने बीजगणित मांडलं, तेव्हा त्याच्या ग्रंथाचा मोठा भाग याच वारसावाटपाच्या हिशेबांचा होता. मदरशात गणित नाही असं मग कसं म्हणायचं? ते तिथे फराइझच्या, म्हणजे वारसाहिश्शांच्या शास्त्राच्या, नावाने बसलेलं आहे. पण त्याला दहावीच्या पेपरापर्यंत आणणारं माणूस तिथे नाही, आणि त्या ज्ञानाला बाहेर कोणी मोजतही नाही.

आता कायद्याचं. ‘बंद करा’ म्हणणाऱ्यांनी ५ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल निदान चाळावा. उत्तर प्रदेशचा २००४ चा मदरसा शिक्षण कायदा धर्मनिरपेक्षतेच्या विरोधात आहे म्हणून अलाहाबाद उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये तो रद्द ठरवला होता. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फिरवला आणि कायदा वैध ठरवला. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढून चालवण्याचा हक्क दिला आहे. पण तिथल्या शिक्षणाचा दर्जा राखला जावा म्हणून सरकार नियम करू शकतं, आणि तिथून बाहेर पडणारा विद्यार्थी समाजात वावरू शकेल, पोट भरू शकेल इतपत तयार व्हावा हे पाहणं सरकारचं कामच आहे, असा त्या निकालाचा रोख आहे. कामिल आणि फाझिल या पदव्या मात्र टिकल्या नाहीत, कारण पदवी देण्याचा विषय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याखाली येतो. मला हे दोन्ही पटतं.

पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे कलम २८ मध्ये स्पष्ट आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच कलमात पुढे असंही आहे की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतही कोणावर धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येणार नाही; विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकाची संमती हवी. हे वाक्य सगळ्यांच धर्मांच्या संस्थांना लागू आहे, हे आपण सोयीने विसरतो.

मला खरी बोच आहे ती शिक्षण हक्क कायद्याची. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात एक ओळ घातली गेली: मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना हा कायदा लागू नाही. त्या वेळी पुष्कळांना ती सवलत वाटली. संस्थेला ती असेलही. पण वेद पाठ करणारा दहा वर्षांचा बटू आणि कुराण पाठ करणारा दहा वर्षांचा तालिब हे एकाच वाक्यात, एकाच दारातून बाहेर काढले गेले. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण, असं राज्यघटनेचं कलम २१-अ सांगतं. हे दोघे त्यात कुठे बसतात? मदरशाचं सर्वेक्षण मागणाऱ्यांनी हाच प्रश्न पाठशाळेबद्दल विचारायची तयारी ठेवावी. फूटपट्टी एकच असेल तर मी त्यांच्या बाजूने उभी राहीन. एकाला फूटपट्टी आणि दुसऱ्याला नमस्कार, असं असेल तर नाही.

आणि विज्ञान-गणित शिकवा म्हणणाऱ्या सरकारने स्वतः काय केलं तेही पाहावं. मदरशांत हे विषय शिकवणाऱ्यांना केंद्राच्या योजनेतून मानधन मिळे: पदवीधरांना महिना सहा हजार, पदव्युत्तर किंवा बी.एड. झालेल्यांना बारा हजार. योजनेची मंजुरी मार्च २०२२ पर्यंतच होती, पुढे ती चालली नाही. उत्तर प्रदेशाने आपल्याकडून वर दिलं जाणारं मानधनही जानेवारी २०२४ मध्ये थांबवलं. त्या शिक्षकांत हिंदूही बरेच होते. गणिताचा मास्तर काढून घ्यायचा आणि मग ‘तिथे गणित नाही’ म्हणून बोट दाखवायचं, हे मला शिक्षिका म्हणून सहन होत नाही.

आता ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांना. मुस्लिम समाजाची स्थिती तपासणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्येच सांगितलं होतं की शाळकरी वयाच्या मुस्लिम विद्यार्थ्यांपैकी जेमतेम चार टक्के मदरशात जातात, आणि सकाळ-संध्याकाळ तासभर चालणारा मकतब म्हणजे मदरसा नव्हे. बाकीची पोरं तुमच्या-आमच्या शाळांतच असतात. केरळात तर मुलं सकाळी मदरसा करून मग शाळेत जातात; धर्म सुटत नाही आणि दहावीही. मग या चार टक्क्यांनाच अभ्यासाच्या नावाखाली वेगळं का ठेवायचं? धर्मस्वातंत्र्य संस्थेचं आहे, आईबापांचं आहे, हे मान्य. पण ते त्या मुलाचंही आहे. कलम २५ मध्ये ‘सर्व व्यक्ती’ असं म्हटलं आहे. ज्याला मौलवी होण्यावाचून दुसरं काही येतच नाही, त्याने मौलवी होणं निवडलं असं मी म्हणणार नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या उस्तादांनी त्याला दहावीला बसायची परवानगी दिली, इतकंच नव्हे तर असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजानंतरचे दोन तास मोकळे करून दिले. त्या गृहस्थांना मी भेटलेले नाही, पण त्यांचा मला फार आदर वाटतो.

मुलगा पास झाला. गणितात एक्कावन्न. पुढच्या प्रवेशाचा अर्ज भरताना ‘यापूर्वीचे शिक्षण’ या रकान्यापाशी तो थांबला. पाचवी लिहू की दहावी, विचारत होता. मधली वर्षं कुठे लिहायची? अर्जात तशी जागाच नव्हती. मी त्याला म्हटलं, समासात लिही: हिफ्ज पूर्ण, आलिम सहा वर्षं. त्याने लिहिलं. खिडकीवरच्या कारकुनाने ते वाचलं, पेन काढलं आणि खोडलं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका