काका, तुमच्या त्या एका पानाबद्दल

आदरणीय काका यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

घरच्या राउटरवर आयपीव्ही६ (इंटरनेटवरच्या यंत्रांना पत्ते देण्याची नवी पद्धत; जुनी ती आयपीव्ही४) कसं तपासावं, याचं जे पान तुम्ही वहीतून फाडून दिलंत, त्याच्या झेरॉक्स आता रामबागेपासून सुदामानगरापर्यंत फिरताहेत. सर्वांच्या वतीने हे उघडं पत्र लिहीत आहोत. नुसतं 'धन्यवाद' म्हणून भागलं नसतं. त्या पानातलं नेमकं काय कामी आलं, हे तुम्हालाही कळावं आणि ज्यांच्या हाती ते पान पडलेलं नाही त्यांनाही कळावं, असं वाटलं.

पहिली ओळच मोलाची होती: 'वेबसाइट उघडली म्हणून आयपीव्ही६ चालू आहे असं समजू नका.' कारण ब्राउझर हुशार असतो. तो आधी आयपीव्ही६ ने जोडणी करून बघतो आणि पाव सेकंदात उत्तर आलं नाही तर आयपीव्ही४ ने जातो. २०१७ च्या आरएफसी ८३०५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजामध्ये शिफारस २५० मिलिसेकंदांची आहे. घरातल्या माणसाला काही जाणवत नाही आणि बिघाड महिनोन्‌महिने झाकलेला राहतो. म्हणून तुमचा उपाय खरा. संगणकाच्या नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांत जायचं, आयपीव्ही४ समोरची खूण काढायची आणि मग बघायचं. गूगल आणि विकिपीडिया उघडायलाच हवेत. काही साइट अजून फक्त आयपीव्ही४ वर आहेत, त्या उघडणार नाहीत, तो राउटरचा दोष नव्हे.

त्याआधीची पायरी राउटरच्या स्टेटस पानाची. तिथे वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, रकान्यात एफ-ई-८-० ने सुरू होणारा पत्ताच दिसला की बरेच जण हताश होतात. पीपीपीओई जोडणीत (कंपनीला नाव-पासवर्ड देऊन होते ती) तसा पत्ता दिसणं अगदी शक्य आहे, तो फक्त त्या एका तारेपुरता असतो. तुम्ही लिहिलंत तसं, बघायचं ते प्रिफिक्स, म्हणजे कंपनीकडून घराला मिळणारा पत्त्यांचा गट, मिळालं की नाही. आकडा जितका लहान, तितका गट मोठा. ५६ चं मिळालं तर घरात २५६ जाळी करता येतात, ६० चं मिळालं तर १६, आणि ६४ चं मिळालं तर एकच. पाहुण्यांचं वायफाय वेगळं ठेवायचं असेल तर ६४ पुरत नाही. अशा वेळी राउटरमध्ये 'प्रिफिक्स डेलिगेशन'च्या खाली मागणीचा आकार ५६ लिहून जोडणी तोडून पुन्हा करायची. पुष्कळदा मागितलेलंच नसतं, म्हणून मिळालेलं नसतं.

जेल रोडवरून नवा राउटर आणून कंपनीच्या डब्ब्यामागे जोडला की आयपीव्ही६ गायब होतं, ही तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते. कारण तेच: डब्ब्याला स्वतःपुरतं ६४ मिळालेलं असतं, पुढे वाटायला त्याच्याकडे काही उरत नाही. डब्बा ब्रिजवर टाकून घ्यायचा, म्हणजे तो राउटरचं काम न करता जोडणी नुसती पुढे देतो, आणि पीपीपीओईचं नाव-पासवर्ड नव्या राउटरमध्ये भरायचं.

फोनच्या बाबतीत तुमची सूचना छोटी होती, पण तिने खूप वेळ वाचवला. लॅनवर, म्हणजे घरातल्या जाळ्यावर, 'स्लॅक' (यंत्र स्वतःच आपला पत्ता बनवतं ती पद्धत) ठेवा, फक्त डीएचसीपीव्ही६ (राउटर पत्ता नेमून देतो ती) ठेवू नका. अँड्रॉइड फोन डीएचसीपीव्ही६ कडून सुटा पत्ता घेत नाहीत. लॅपटॉपवर सगळं सुरळीत आणि फोनवर काहीच नाही, असं दिसलं की पहिली शंका हीच घ्यावी.

आयपीव्ही४ बंद केल्यावर गूगलच्या २००१:४८६०:४८६०::८८८८ या पत्त्याला पिंग (पोच तपासणारी हाक) जातं पण एकही नाव उघडत नाही, असंही होतं. तेव्हा रस्ता ठीक असतो, नावांची वही हरवलेली असते. राउटर घरातल्या यंत्रांना डीएनएसचा (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा) पत्ता फक्त आयपीव्ही४ चा देत असतो. 'राउटर जाहिराती'त (राउटर घरातल्या यंत्रांना पाठवतो त्या सूचनेत) डीएनएस देण्याची सोय चालू केली की काम होतं.

आता पॅकेटच्या मापाची तपासणी. ही तुम्ही लाल शाईने लिहिली होतीत, ते योग्यच केलंत. लक्षण असं: पिंग जातं, साइटचं नाव वर दिसतं, आणि पान अर्ध्यावर अडकून बसतं. पीपीपीओईमुळे तारेवरून १५०० ऐवजी १४९२ बाइटचंच पॅकेट जातं. आयपीव्ही४ मध्ये वाटेतला राउटर मोठ्या पॅकेटचे तुकडे करू शकत असे. आयपीव्ही६ मध्ये तसं करायला त्याला मनाई आहे. तो फक्त 'पॅकेट फार मोठं' असा आयसीएमपीव्ही६ चा (जाळ्यातल्या अडचणी कळवणाऱ्या यंत्रणेचा) निरोप परत पाठवतो. कुणी 'सुरक्षेसाठी' सगळं आयसीएमपी बंद केलं असेल तर तो निरोप पोचतच नाही, आणि पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुनःपुन्हा पाठवत राहतो. लिनक्सवर पिंगला '-६ -एम डू -एस १४५२' देऊन बघावं; ४८ बाइटचं वेष्टण धरून ते १५०० होतं. निरोपात १४९२ हा आकडा आला तर यंत्रणा शाबूत आहे. नुसती शांतता असेल तर १४४४ ने (वेष्टणासह १४९२) बघावं. तेवढं पार झालं तर दोष निरोप अडवण्यात आहे, हे नक्की. फायरवॉलमध्ये आयसीएमपीव्ही६ चा प्रकार २ (हाच निरोप) मोकळा करावा आणि टीसीपीचं एमएसएस (एका पॅकेटमधल्या मजकुराची कमाल मर्यादा) १४३२ वर बांधावं. १४९२ मधून आयपीव्ही६ च्या वेष्टणाचे ४० आणि टीसीपीच्या वेष्टणाचे २० वजा केले की हाच आकडा येतो. आयपीव्ही४ साठीचा १४५२ इथे भरण्याची चूक फार जण करतात.

सगळ्यांत मोठे आभार मात्र फायरवॉलच्या तपासणीबद्दल. आयपीव्ही४ मध्ये नॅटच्या (सगळ्या घराला बाहेर एकच पत्ता दाखवणाऱ्या सोयीच्या) आडोशाने प्रिंटर आणि कॅमेऱ्याचा डीव्हीआर आपसूक झाकले जात. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येकाला जगात कुठूनही पोचता येईल असा पत्ता मिळतो. दार लावायचं काम एकट्या राउटरच्या फायरवॉलवर येतं, आणि काही राउटरमध्ये आयपीव्ही६ ची फायरवॉल वेगळ्या पानावर बंद पडलेली असते. संगणकावर ८००० पोर्टवर (यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावर) आयपीव्ही६ ऐकणारा छोटा वेब सर्व्हर चालू करावा. आधी घरच्याच वायफायवरच्या फोनमधून, चौकोनी कंसात पत्ता लिहून, तो उघडून बघावा. उघडला नाही तर संगणकाचीच फायरवॉल आड येते आहे. उघडला की फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पुन्हा बघावा, आता उघडता कामा नये. आणि इथे तुमची खरी मेख आहे: राउटरमध्ये तेवढं एक पोर्ट मुद्दाम मोकळं करून तो बाहेरून उघडतो हेही बघावं, मग पुन्हा बंद करावं. ही उलटी तपासणी केल्याशिवाय 'उघडलं नाही' याला अर्थच नाही, कारण मोबाइलवर आयपीव्ही६ नसलं तरी ते उघडणार नाहीच. इतकी साधी गोष्ट, पण भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं विचारणाऱ्यांना आम्ही राउटरचा आयपीव्ही४ पत्ता बघायला सांगतो. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला असेल तर बाहेरचा खरा आयपीव्ही४ पत्ता अनेक घरांत वाटून दिलेला आहे आणि बाहेरून आत यायला आयपीव्ही६ हाच सरळ रस्ता उरतो.

तुमच्या पानावर आम्ही शेवटी एक ओळ वाढवली आहे, तिला तुमची मान्यता हवी. वळवाच्या पावसात वीज जाते, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि त्याला नवं प्रिफिक्स मिळतं. इन्व्हर्टरवरच्या स्विचला जोडलेल्या संगणकाची तार तुटलेलीच नसते, म्हणून तो जुनाच पत्ता धरून बसतो. पत्त्याच्या मूळच्या मुदती पसंतीसाठी (नव्या जोडण्यांना तोच पत्ता वापरण्यासाठी) ७ दिवस आणि वैधतेसाठी ३० दिवस अशा लांब असतात, आणि विसरभोळा राउटर जुनं प्रिफिक्स रद्द झाल्याचं सांगत नाही. आरएफसी ९०९६ प्रमाणे मुदती २७०० आणि ५४०० सेकंदांवर आणाव्या, आणि तपासताना राउटरचा प्लग दोनदा तरी काढून बघावा, असं आम्ही लिहिलं आहे. यात काही चुकत असेल तर लाल शाईने दुरुस्त करून द्यावं, नवी झेरॉक्स त्यावरूनच काढू.

कळावे, लोभ असावा.

आपले,
रामबाग, नारायणबाग आणि लोकमान्य नगरातली मंडळी
इंदूर