‘संग्रहित’ छायाचित्रांतील मल्लांना नावे मिळावीत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानाविषयीच्या लेखासोबत दोन मल्लांचे एक कृष्णधवल छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्याखाली ‘संग्रहित’ एवढा एकच शब्द होता. ते छायाचित्र मी १९८७ साली काढलेले आहे. छायाचित्रकार म्हणून माझे नाव यावे यासाठी हे पत्र लिहीत नाही. त्या काळी छायाचित्राखाली ते काढणाऱ्याचे नाव छापण्याची आमच्याकडे फारशी रीत नव्हती आणि मीही तशी अपेक्षा कधी धरली नाही. मला लिहायचे आहे ते त्या मातीत एकमेकांना भिडलेल्या दोन माणसांच्या नावांविषयी. ती नावे सांगू शकणारे लोक आज कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत हयात आहेत, पण त्यांची संख्या दरवर्षी कमी होत चालली आहे.

मी १९८३ साली एक जुना पेंटॅक्स कॅमेरा आणि १३५ मिलिमीटरची एक लेन्स घेऊन खासबागेत पहिल्यांदा हौदाच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, कडेला बसलो. राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेले हे मैदान १९१२ साली सुरू झाले. मधला हौद सखल आणि भोवतीची बैठक चढत गेलेली, त्यामुळे कुठेही बसलेल्या माणसाला कुस्ती पूर्ण दिसते. छायाचित्रकार मात्र त्याच रचनेमुळे फार अडचणीत येतो, कारण वरच्या बैठकीतून छायाचित्र घेतले तर मल्लांच्या मागे फक्त माती येते, आणि अंगभर माती माखलेला मल्ल कृष्णधवल फिल्मवर त्याच मातीच्या करड्या छटेत विरून जातो. कुणाचा हात कुणाच्या कमरेला आहे, हेही कळत नाही. हे ध्यानात यायला माझे दोन हंगाम आणि कितीतरी रोल खर्ची पडले. त्यानंतर मी पोटावर झोपून कॅमेरा हौदाच्या कडेला टेकवू लागलो, म्हणजे मल्लांच्या मागे प्रेक्षकांची गर्दी यायची, फेट्यांची आणि टोप्यांची उजळ रांग यायची, आणि त्यावर दोघांची शरीरे स्वच्छ उठून दिसायची.

दुसरी अडचण प्रकाशाची. कुस्तीचे मैदान दुपारी लहान मुलांच्या जोडांनी सुरू होते आणि मानाची कुस्ती सर्वांत शेवटी लागते. म्हणजे सर्वांत सुंदर उजेड पोरांच्या कुस्त्यांना मिळतो आणि ज्या लढतीसाठी गावोगावचे लोक ट्रकमधून आलेले असतात ती सुरू होते तेव्हा सूर्य मावळतीला गेलेला असतो. ४०० संवेदनशीलतेच्या फिल्मवर ती १६०० ची आहे असे धरून आम्ही कमी उजेडात छायाचित्रे घ्यायचो आणि रात्री डेव्हलपर रसायनात रोल जास्त वेळ ठेवून ती तूट भरून काढायचो. छायाचित्रावर दाणे यायचे, सावल्या काळ्याठिक्कर व्हायच्या, पण घाम आणि माती एकत्र झालेली पाठ त्या दाण्यांत जशी दिसायची तशी पुढे रंगीत फिल्मवर मला कधी दिसली नाही. फ्लॅश मी एकदाच वापरला. एका मल्लाने पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय ओढायला, हात घातला आणि त्याच क्षणी माझा दिवा लखकन उडाला. कुस्ती सुटल्यावर एक वृद्ध वस्ताद माझ्याजवळ आले आणि शांतपणे म्हणाले, “पोरानं सहा महिने मेहनत केलीया. त्याच्या डोळ्यांवर उजेड मारू नका.” त्या दिवसापासून खासबागेत माझा फ्लॅश पिशवीतून बाहेर आला नाही.

छायाचित्र नेमके कधी घ्यायचे, हे मला हलगीने शिकवले. मल्ल एकमेकांचा अंदाज घेत असतात, ती खडाखडी चालू असते तेव्हा हलगीचा ठेका सावकाश असतो. पकड घट्ट होऊ लागली की तो वाढतो, आणि वाजवणारा जुना जाणकार असेल तर ढाक डाव लागणार की घिस्सा डाव, याची चाहूल त्याला पंचांच्याही आधी लागते. हाताने फोकस करायच्या काळात मी मातीतली एक जागा धरून ठेवायचो, श्वास रोखायचो आणि कान हलगीकडे ठेवायचो. आमच्या कॅमेऱ्यांची रचना अशी, की बटण दाबताच आतला आरसा वर उचलला जातो आणि नेमक्या त्या क्षणापुरता डोळ्यापुढे अंधार होतो. त्यामुळे जो क्षण डोळ्यांना दिसला तो फिल्मवर आला नाही आणि जो फिल्मवर आला तो मी पाहिला नाही. मी टिपलेली एकही चितपट मी स्वतः पाहिलेली नाही. त्या मी पाहिल्या त्या रात्री उशिरा, स्नानगृहात उभारलेल्या अंधाऱ्या खोलीत, ओला रोल दिव्यासमोर धरून.

खासबागेइतकाच मी शाहू स्टेडियमवर रमलो. कोल्हापूरच्या फुटबॉलचे वेगळेपण बाहेरच्या वाचकांना सांगायला हवे: इथे कुस्तीच्या तालमींच्या नावांनी फुटबॉलचे संघ खेळतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावे उच्चारली की पेठाच्या पेठा उभ्या राहतात. गोलखांबाच्या बाजूला बसून मी छत्तीस छायाचित्रांचा रोल पुरवून पुरवून वापरायचो, कारण रोल संपला आणि बदलायला घेतला की गोल त्याच मिनिटाला होणार, हा अनुभव दर हंगामात यायचा. मध्यंतरालाच पहिला रोल रिक्षाने घरी पाठवायचा, रात्री नऊच्या आत ओल्या निगेटिव्हवरूनच प्रिंट काढायची आणि ती वाळण्याआधी कार्यालयात पोचवायची, अशी ती धावपळ होती. त्या धावपळीत मागच्या बाजूला विजेत्या संघाचे आणि गोल करणाऱ्याचे नाव पेन्सिलीने लिहिले जायचे. बाकी कुणाचेच लिहिले जायचे नाही.

हीच माझ्या आयुष्यातली मोठी चूक आहे, आणि ती मला एका पाहुण्याने दाखवली. दहाएक वर्षांपूर्वी कागलकडच्या एका गावातून साठी ओलांडलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. कान कुस्त्या खेळून फुटलेले, गुडघा आखडलेला. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले वर्तमानपत्राचे पिवळे कात्रण त्यांनी बाहेर काढले. छायाचित्र माझे होते, आणि त्यात चितपट झालेला मल्ल म्हणजे ते स्वतः होते. मजकुरात विजेत्याचे नाव, गाव, तालीम आणि इनामाची रक्कम सर्व होते. यांच्यासाठी ‘प्रतिस्पर्धी’ हा एकच शब्द होता. मला वाटले, त्याबद्दल ते बोलणार. ते म्हणाले, “हारलोय त्येचं काय न्हाई. मागं वस्ताद हुबं हायत, तेवढं मोठं करून द्या.” हौदाच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभी असलेली ती व्यक्ती मी इतक्या वर्षांत कधी नीट पाहिलीच नव्हती. त्यांच्या वस्तादांचे दुसरे एकही छायाचित्र कुठे उरले नव्हते. मी निगेटिव्ह शोधली, तेवढाच भाग मोठा केला, दाणे फार आले, तरी चेहरा ओळखू आला. ते ती प्रिंट हातात घेऊन बराच वेळ बसून होते.

त्या दिवसापासून मी वह्या घेऊन बसलो. माझ्याकडे तेव्हा अकराशेहून अधिक रोल होते. जुन्या मल्लांना घरी बोलवायचे, दिव्याच्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, भिंग द्यायचे आणि ते सांगतील ते उतरवून घ्यायचे. एकेका छायाचित्रात पाच-पाच, सहा-सहा नावे निघाली: पंच, हलगीवाले, माती कालवणारे, पुढच्या रांगेत बसलेले पैलवान. पण काम अर्धेही झाले नव्हते तोच २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर आला आणि माझ्या तळमजल्यावरच्या खोलीत छातीएवढे पाणी चढले. तीन दिवसांनी आत जाता आले. निगेटिव्ह पुरात भिजली तर ती उन्हात वाळवायची नसते. वाळताना तिच्यावरचा जिलेटिनचा थर शेजारच्या पट्टीला चिकटतो आणि सोडवताना चित्रच सोलून निघते. ती स्वच्छ गार पाण्यातच ठेवून, एकेक पट्टी हलक्या हाताने धुऊन, सावलीत टांगावी लागते. शेजाऱ्यांच्या बादल्या, घागरी, मुलांचे टब, जे मिळेल ते आणून आम्ही हे काम केले. पुरानंतर शहरात प्यायच्या पाण्याची टंचाई होती, आणि तरीही लोकांनी निगेटिव्ह धुण्यासाठी पाणी आणून दिले, हे मी विसरणार नाही. सुमारे चारशे रोल तरीही गेले. पूर आला नसता तरी काही गेलेच असते: जुन्या ॲसिटेटच्या फिल्मला दमट हवेत व्हिनेगरसारखा वास सुटू लागतो, ती आक्रसते, आणि त्यावर अजून कायमचा इलाज नाही. २००४ नंतरची माझी डिजिटल छायाचित्रेही सुरक्षित आहेत असे नाही; त्या वेळी भरून ठेवलेल्या सीडींपैकी कित्येक आता उघडत नाहीत.

कुणी म्हणेल, मोठ्या सामन्यांची छायाचित्रे तर जगभर जपलेली आहेत. ते खरेच आहे. २ एप्रिल २०११ च्या रात्री वानखेडे स्टेडियमवर महेंद्रसिंग धोनीने षटकार मारून विश्वचषक जिंकून दिला, तो क्षण टिपायला देशोदेशींचे छायाचित्रकार होते आणि तो हजारो ठिकाणी जतन झाला आहे. खासबागेत कित्येक मैदानांना आम्ही दोघेच असायचो, आणि माझे ते सहकारी आता नाहीत. त्यांच्या निगेटिव्हचे काय झाले, ते त्यांच्या घरच्यांनाही सांगता येत नाही. खासबागेला लागून असलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले, तेव्हा ते पाहायला जमलेल्या गर्दीत मीही होतो आणि माझ्या मनात सारखी घरच्या लोखंडी पेट्या येत होत्या.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे, की आपल्या क्रीडा पानावर दर आठवड्याला एक जुने छायाचित्र, ते माझे असो वा आपल्या कार्यालयातले, मोठ्या आकारात छापावे आणि ‘यांना ओळखता का?’ असे वाचकांना विचारावे. आलेली नावे पुढच्या आठवड्यात हरलेल्या-जिंकलेल्यांसह छापावीत. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींनी आपापल्या जुन्या मल्लांना एका संध्याकाळी बसवून ही छायाचित्रे दाखवावीत. शिवाजी विद्यापीठाने किंवा महानगरपालिकेने स्कॅनिंगची आणि कोरड्या, थंड जागेची सोय केली, तर माझ्याकडे उरलेले सातशे रोल आणि नावांच्या एकोणीस वह्या मी विनामोबदला द्यायला तयार आहे. अट एकच आहे, की छायाचित्र कुठेही वापरले तरी त्यातील सर्व नावे त्याच्यासोबत जावीत.

गेल्या रविवारच्या छायाचित्रापुरते सांगायचे, तर डावीकडच्या, वरच्या बाजूला असलेल्या मल्लाचे नाव आणि गाव मी वहीतून शोधून आपल्याला स्वतंत्रपणे कळवत आहे. उजवीकडच्या मल्लाचे नाव माझ्या वहीत नाही. ते गंगावेस तालमीचे असावेत, असे त्यांच्यामागे उभ्या असलेल्या मंडळींवरून वाटते. आपण छापताना छायाचित्र उजवीकडून थोडे कापले आहे. नेमकी ती मंडळी त्या कापलेल्या भागात आहेत. पूर्ण प्रिंट सोबत पाठवत आहे. ती कृपया न कापता पुन्हा छापावी.

आपला,
एक निवृत्त क्रीडा छायाचित्रकार,
शाहूपुरी, कोल्हापूर