नरक्याचा दाखला देण्यापूर्वी रान बघा

महोदय,

नरक्या या औषधी झाडाचे लाकूड जळाऊ लाकडाच्या नावाखाली सह्याद्रीतून बाहेर जाते, हे आता कोणाला नवीन नाही. गाडी पकडली जाते, बातमी येते, माल वनखात्याच्या आवारात पडून राहतो. तोवर झाड गेलेले असते. आम्हाला लिहायचे आहे ते त्याआधीच्या एका कागदाबद्दल.

जैवविविधता कायदा 2002 मध्ये 2023 साली दुरुस्ती झाली. व्यापारी वापरासाठी राज्य जैवविविधता मंडळाला पूर्वसूचना द्यावी लागते, त्यातून लागवडीच्या औषधी वनस्पतींना सूट मिळाली. त्यासाठी माल लागवडीचाच असल्याचा दाखला गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून घ्यायचा. शतावरी किंवा अश्वगंधा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला ही सूट रास्तच आहे. नरक्याच्या बाबतीत मात्र न पाहता दिलेला दाखला म्हणजे चोरीच्या गुरांना बाजाराची पावती. कोकणात मालकी रानच एवढे, की ‘आमच्या जागेतले आहे’ आणि ‘आम्ही लावलेले आहे’ यांतला फरक सहज पुसला जातो.

नरक्याला मागणी आहे ती त्यातल्या कॅम्पटोथेसिन या रसायनामुळे. 1966 साली ते एका चिनी झाडात सापडले, 1972 साली आपल्या नरक्यात. त्यापासून बनणारी टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधे 1990 च्या दशकापासून वापरात आहेत. झाडागणिक प्रमाण बदलते. सुक्या लाकडात 0.1 टक्का धरले तरी एक टन लाकडामागे हाती येते जेमतेम 1 किलो. नरक्या काही साग नव्हे. मांडीएवढे खोड म्हणजे थोराड झाड, तेव्हा एका टनासाठी किती तुटत असतील याचा अंदाज करावा. शिवाय मुळांत अंश जास्त, म्हणून ठेकेदाराची माणसे झाड तोडत नाहीत, उपटतात.

खरे नुकसान इथे होते. नरक्या बुंध्यातून चांगला फुटतो. जमिनीपासून हातभर खोड ठेवून, पाणी साचू नये म्हणून तिरका, साल न सोलवटता काप घेतला आणि आलेल्या फुटव्यांतले दोन-तीन जोमदार राखले, तर त्याच झाडापासून पुन्हा लाकूड मिळते. मुळासकट गेलेल्या झाडाची भरपाई बियांनीच व्हायची, आणि त्यातही अडचण आहे. सगळी झाडे सारखी फुलत नाहीत. काहींवर नुसती नरफुले असतात. त्यामुळे रानात झाडे विरळ झाली की उरलेल्यांना फळे कमी धरतात. बी ताजे असतानाच पेरावे लागते, उगवायला वेळ घेते, आणि पिशवीत पाणी तुंबले तर रोप कुजते. रोपवाटिकेत सावली हवीच. रोपे होत नाहीत असे नाही, पण ‘लाखो रोपे लावली’ म्हणणाऱ्याकडे रोपवाटिकेची पावती मागायला हरकत नसावी.

समितीने दाखल्यापूर्वी जागेवर जावे, तेही लाकडाचे ढपले होण्याआधी. एकदा ढपले पोत्यात भरले की काही कळत नाही. सर्व्हे नंबर, लागवडीचे वर्ष, रोपांची संख्या आणि आजची झाडे मोजून गावच्या जैवसंपदेची नोंद ठेवणाऱ्या लोकजैवविविधता नोंदवहीत लिहावीत. एका वर्षी लावलेल्या झाडांची जाडी साधारण जवळपास असते. ढिगात मनगटाएवढे आणि मांडीएवढे लाकूड एकत्र दिसले, तर ते कुठून आले ते विचारावे. मुळ्या दिसल्या तर दाखला नाकारावा. ज्याला आपली लागवड पुन्हा फुटायला हवी आहे, तो ती उपटत नाही. तोडीनंतर बुंधे मोजायला पुन्हा एक फेरी मारावी, नाहीतर शंभर झाडांच्या दाखल्यावर पाचशेंचा माल निघतो.

तपासणी नाक्यांसाठी एक सोपी चाचणी आहे. चिमूटभर भुसा काचेच्या बाटलीत स्पिरिटमध्ये दहा मिनिटे भिजवावा आणि अंधारात नोटा तपासायच्या अतिनील दिव्याखाली धरावा. कॅम्पटोथेसिन असेल तर द्रवाला निळी चमक येते. मागे पांढरा कागद धरू नये, तो स्वतःच निळा दिसतो आणि फसगत होते. इतरही काही लाकडे चमकतात, त्यामुळे हा पुरावा ठरत नाही, पण गाडी थांबवून नमुना प्रयोगशाळेत पाठवायला एवढे पुरे.

राज्य जैवविविधता मंडळाने नरक्यासाठी दाखल्याचा वेगळा नमुना काढावा. त्यात झाडांची संख्या, खोडांची जाडी, बुंध्याची उंची आणि दोन्ही पाहण्यांच्या तारखा असाव्यात. तो येईपर्यंत कोणत्याही समितीने नरक्याचा दाखला देऊ नये.

– वनस्पती अभ्यासकांचा एक गट, सिंधुदुर्ग