थंड देशांचे बाग-कॅलेंडर बेळगावच्या परड्यात जसेच्या तसे नको

मा. संपादक,
सादर नमस्कार.

वर्षभर बागेत कोणत्या महिन्यात काय करावे, असे तक्ते सध्या मोबाइलवर फिरत असतात आणि आपल्या भागातले हौशी लोक ते मनापासून पाळतात. गुलाब मार्चच्या सुमारास छाटा, टोमॅटोचे बी त्याच सुमारास घरात खिडकीशी पेरा, ऑक्टोबरअखेर डेलियाचे कंद उकरून आत ठेवा, असे त्यांत असते. हे चुकीचे नाही, पण ते हिवाळ्यात जमीन गोठणाऱ्या प्रदेशांचे आहे. तिथल्या बागेचे वर्ष दोन तारखांना बांधलेले असते. वसंतात शेवटचे दव गोठते ती एक आणि शरदात पहिले गोठते ती दुसरी. बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर आहे, थंडी चांगली पडते, पण कुंडीतले पाणी काही गोठत नाही. आपले वर्ष मृग लागतो तिथे आणि हस्ताचा पाऊस ओसरतो तिथे बांधलेले आहे. म्हणून तक्त्यातला महिना सोडून द्यावा आणि त्या कामामागचे कारण घ्यावे.

गुलाबाचेच बघा. थंड देशांत छाटणी हिवाळा सरेपर्यंत थांबवतात, कारण आधी छाटले तर नवे कोवळे फुटवे गोठून जळतात. आपल्याकडे धोका पावसाचा. भर पावसात कापलेल्या काडीच्या तोंडातून बुरशी शिरते आणि काडी वरून काळी पडत खाली वाळत जाते. म्हणून आपली मुख्य छाटणी ऑक्टोबरच्या मध्यावर, आठवडाभर उघडीप मिळाली की करावी. छाटणीआधी चार-पाच दिवस पाणी तोडावे. मेलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक आणि आत वळलेल्या काड्या आधी काढाव्यात. मग बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर तिरका काप द्यावा, उतार डोळ्याच्या उलट बाजूला. कापाच्या आतला गर पांढरा-हिरवा दिसला पाहिजे. तपकिरी दिसला तर आणखी खाली जावे. दीड महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला, फुले येतात. मार्चमध्ये छाटल्यास नवी फूट नेमकी एप्रिलच्या उन्हात सापडते.

कापांना बुरशी रोखणारे बोर्डो मलम लावावे. 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात आणि 100 ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्धा लिटरमध्ये विरघळवून, दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत एकत्र ढवळावेत. लोखंडी किंवा पत्र्याचे भांडे मोरचूद खाते. फवारणीसाठी हेच प्रमाण 10 लिटर पाण्याला. तयार द्रावणात घासलेले लोखंडी पाते मिनिटभर बुडवून बघावे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, तो थोडा थोडा वाढवत न्यावा, नाहीतर पाने करपतात. चुना जुना, हवा लागून विरलेला असेल तर हमखास असे होते. द्रावण त्याच दिवशी संपवावे.

डेलियाचे काम दोन्हीकडे एकच, पण कारणे निराळी. तिकडे गोठलेल्या जमिनीत कंद मरतात म्हणून ते शरदात काढतात. आपल्याकडे ते पावसाच्या साठलेल्या पाण्यात कुजतात, म्हणून फुलांचा बहर संपून पाला पिवळा पडल्यावर, मार्चच्या आसपास काढून कोरड्या वाळूत सावलीला ठेवायचे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावायचे. कंद वेगळे करताना प्रत्येकाला जुन्या खोडाचा डोळा असलेला तुकडा राहिलाच पाहिजे. डोळा नसलेला कंद कितीही टपोरा असला तरी फुटत नाही.

सर्वांत जास्त फसगत कांद्याच्या बियाण्यात होते. थंड प्रदेशांतल्या बऱ्याच जातींना गड्डा धरायला 14 ते 16 तासांचा दिवस लागतो. बेळगावचा सर्वांत मोठा दिवस जूनमध्ये असतो आणि तोही सुमारे 13 तासांचाच. त्यामुळे असे बी इथे नुसती पात वाढवत राहते. त्यात खत, पाणी, माती कशाचाही दोष नसतो. आपल्याला 11-12 तासांच्या दिवसात गड्डा धरणाऱ्या जाती हव्यात. विलायती बियाण्याची पाकिटे विकणाऱ्यांनी जात कोणत्या दिवसमानाची आहे ते मराठीत आणि कन्नडमध्ये छापले पाहिजे, ही आमची आग्रहाची मागणी आहे.

ट्यूलिपचेही तसेच. त्याच्या कंदाला 12 ते 16 आठवडे 9 अंशांखालची थंडी लागते आणि आपल्या डिसेंबरच्या रात्री एवढ्या सलग थंड नसतात. हौस असेल तर कंद फ्रिजमध्ये ठेवावेत, पण शेजारी सफरचंद किंवा केळी नको. पिकत्या फळांतून निघणाऱ्या वायूने कंदातली कळी आतच मरते.

कोबी, फ्लॉवर, टोमॅटोची रोपे मात्र आत्ता, हस्त लागण्याच्या सुमारासच, धरायला हवीत. वाफा 15 सेंटिमीटर उंच करावा, ओळींत 8-10 सेंटिमीटर अंतर ठेवावे, बी एक सेंटिमीटर खोल टाकावे. दाट पेरले आणि संध्याकाळी भरपूर पाणी घातले की रोपे बुडाशी बारीक होऊन एका रात्रीत आडवी पडतात. रोपे 25 ते 30 दिवसांची झाली की हलवावीत. गाजर आणि मुळा जागेवरच पेरावा, हलवल्यास मूळ फाटे फोडते.

एका गोष्टीचे आम्हाला फार वाईट वाटते. थंड देशांत पानगळ ऑक्टोबरात होते आणि लोक ती पाने साठवून ठेवतात. आपल्याकडे माघ-फाल्गुनात झाडांखाली पानांचे ढीग पडतात आणि सकाळी सकाळी पेटवले जातात. शेजारच्याला धूर मिळतो आणि मातीला काहीच मिळत नाही. मीटरभर रुंद जाळीचे कडे करून त्यात पाने दाबावीत, वर शेणकाला शिंपडावा आणि ओल टिकवावी. पुढच्या हिवाळ्यापर्यंत काळी, भुसभुशीत पानमाती तयार होते. उरलेली पाने एप्रिलमध्ये वाफ्यांवर 8 सेंटिमीटर पसरावीत, खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडून. पाने खोडाला टेकली तर वळवाच्या पावसात साल कुजते. खानापूरकडच्या तांबड्या जांभ्या मातीत तर हे आच्छादन हवेच, कारण ती उन्हात टणक होते आणि पावसात तिच्यातले अन्न वाहून जाते.

रोहिणीत कुंड्यांची भोके काडी घालून मोकळी करावीत आणि कुंड्या विटांवर उचलाव्यात. पावसात गोगलगायी आल्या तर वाफ्यात मीठ टाकू नये, माती बिघडते. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी पसरावे आणि सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात.

आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी की परदेशी तक्त्याऐवजी नक्षत्रांप्रमाणे स्थानिक बागकामाची छोटी चौकट द्यावी. पुण्या-नाशिकचे वेळापत्रकही पुरे पडत नाही, बेळगावला पाऊस जास्त असतो. शिवाय खानापूरचा पाऊस आणि अथणीचा कोरडेपणा एका रकान्यात बसत नाही, तेव्हा ओला, मधला आणि कोरडा पट्टा अशी विभागणी हवी. हस्त 27 सप्टेंबरच्या सुमारास लागतो. रोपांची आणि गुलाब छाटणीची माहिती त्याआधीच्या अंकात आली तर यंदाच्या हंगामाला उपयोगी पडेल.

आपले,
परसबाग करणारे काही वाचक,
टिळकवाडी आणि शहापूर, बेळगाव