आर्किटेक्टचे ट्रेनिंग आपल्याच जिल्ह्यात का नको?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की आमच्या लातूरकडे पालक एकमेकांना दोनच गोष्टी विचारतात, नीट की जेईई? आर्किटेक्चरचे नाव कुणी काढलेच तर 'म्हणजे नकाशे काढायचे ना?' एवढ्यावर विषय संपतो. माझी मुलगी बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून हे लिहितो आहे.

आधी प्रवेशासाठी नाटा ही परीक्षा किंवा जेईईचा वेगळा पेपर. मग इंजिनिअरिंगपेक्षा एक वर्ष जास्त, म्हणजे पूर्ण पाच वर्षे. पदवीनंतर काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाली तरच १९७२ च्या कायद्याप्रमाणे स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येते. तिथून पुढे स्वतःचे काम सुरू करण्याआधी काही वर्षे दुसऱ्याच्या ऑफिसात काढावी लागतात, ती वेगळीच.

यात सगळ्यात जड जाते ते शिकतानाच आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करायचे ट्रेनिंगचे सत्र. मुलीला पुण्यात ज्या ऑफिसात जागा मिळाली तिथे रात्री उशिरापर्यंत काम होते, पण मानधन एक रुपयाही नव्हते. खोलीभाडे, मेस, प्रिंट, मॉडेलचा सनबोर्ड, सगळे घरून. सोयाबीनच्या पैशावर हे किती घरांना झेपेल? हुशार पोरे इथेच मागे पडतात.

आणि आपल्याला ही पोरे हवी आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसे मेली ती मुख्यतः घरांखाली दबून. गळती थांबावी म्हणून माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेले होते, आणि खाली दगड-मातीच्या जाड भिंती, आतले-बाहेरचे दगड एकमेकांत न गुंतवलेले. मागच्या सुट्टीत मुलीने आमचा जुना वाडा टेप लावून मोजला. ढेलज, ओसरी, बळद, प्रत्येक खण कागदावर उतरवला आणि लाकडी खांबांवर नेमका किती भार येतो ते मला समजावून सांगितले. इतकी वर्षे त्याच माळवदाखाली झोपतो, पण असे कुणी सांगितले नव्हते.

सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले की कायद्याचे संरक्षण 'आर्किटेक्ट' या नावाला आहे, कामाला नाही. म्हणजे नोंदणी नसलेल्यालाही आराखडा करता येतो. तालुक्याच्या गावी लोक स्वस्तातला नकाशा घेतात, त्यांना तरी दोष कसा द्यायचा? शिकलेला माणूस त्यांना गावात दिसतच नाही.

म्हणून माझी मागणी आहे, मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदा, नगरपरिषदा आणि सार्वजनिक बांधकाम विभागाने या विद्यार्थ्यांना नोंदणीकृत आर्किटेक्टच्या हाताखाली, मानधन देऊन ट्रेनिंगला घ्यावे. शाळाखोल्या, अंगणवाड्या, आरोग्य केंद्रे, घरकुले, कामाला तोटा नाही. आणि काउन्सिलने बिनमानधनाचे ट्रेनिंग ग्राह्य धरणे बंद करावे. पुढच्या शैक्षणिक वर्षापासून एका जिल्ह्यात तरी हे सुरू व्हावे.

आपला,
एक पालक, औसा (जि. लातूर)