पिंप रिकामं केलं, पण घासलं का?

महोदय,

पावसाळ्यात ‘कोरडा दिवस पाळा’, म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करा, असे फलक लागतात, पण पिंप नुसतं उपडं करून डेंग्यूचा डास हटत नाही. या डासाची, म्हणजे एडिस इजिप्तीची, मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवते. काळ्या खसखशीएवढी ही अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात. पिंप पुन्हा भरलं, पाणी तिथवर चढलं, की अळ्या बाहेर. पुढच्या आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून आठवड्यातून एकदा काथ्याने आतली बाजू, विशेषतः काठाखालचा पट्टा, खरवडून घासायलाच हवा. ते पाणी गटारात नको, कोरड्या मातीवर ओता.

फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचे टायर इथे तर कोणी वाकूनही पाहत नाही. बॅटरी मारून पाहा: डोकं खाली करून तिरप्या लटकलेल्या अळ्या उजेड पडताच वळवळत तळाशी जातात.

रिकामी न होणारी टाकी घट्ट झाकावी किंवा जाळीने बांधावी. वापराच्या पाण्यात टेमिफॉस या अळीनाशकाचे १ टक्क्याचे दाणे १० लिटरला १ ग्रॅम, तेही आरोग्य कर्मचाऱ्याकडूनच टाकून घ्यावेत.

रस्त्यावरच्या धुरावर लोकांचा फार भरवसा. तो उडत्या डासांपुरताच. हा डास मात्र पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे बसतो आणि दिवसाढवळ्या चावतो. पालिकेने धुराच्या गाडीआधी घरोघर भांडी तपासणारी माणसं वाढवावीत.

– कीटकजन्य रोग नियंत्रणातील काही कर्मचारी, पुणे